जुळलेली रीडिंगं

शाल्मलीने खाऱ्या पाण्याने भिजवलेल्या टीपकागदावरचे मूग पुन्हा उलटसुलट करून पाहिले. एकालाही कोंब नव्हता. भाकीतयंत्राने तर सांगून ठेवलं होतं, हे नवं वाण खाडीच्या खाऱ्या पाण्यात हमखास रुजेल. हल्ली शोध यंत्रच लावायचं. छोट्या कॉलेजांतल्या पोरांनी तो फक्त प्रयोग करून पडताळायचा. रीडिंग भाकिताशी जुळलं की संशोधनाचा पुढचा हप्ता यायचा.

"सर, याही वेळी तसंच झालं."

"अगं, मग जुळवून टाक की!" खानविलकर सर वैतागले. "प्रॅक्टिकलला काय करतेस? उत्तर माहीत असतं, त्यावरून मागे मागे येत आकडे लिहायचे. हप्ता अडकला तर मागून येणाऱ्या पोरांनी काय करायचं?"

शाल्मलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. हेच बियाणं पेरायला तिच्या गावाने शेतं नांगरून ठेवली होती. ती यंत्रासमोर बसली, उठली, दारापर्यंत जाऊन परत आली आणि एकदाचं बोलून टाकलं, "एकही मूग रुजला नाही."



"असं मला आजवर कुठल्याच कॉलेजाने सांगितलं नव्हतं," यंत्र म्हणालं. "सगळ्यांची रीडिंगं जुळत गेली, त्यांच्याच भरवशावर मी पुढचे शोध लावले. सर, ती रीडिंगं खरंच घेतलेली होती ना?"

 सरांनी घाईघाईने खिशातून रक्तदाबाची गोळी काढली. यंत्रानेच शोधलेली, कुठल्याशा छोट्या कॉलेजात तपासलेली. ती ओठांपर्यंत नेली आणि त्यांचा हात तिथेच थांबला.