सहा मिनिटांचा थांबा

“आवर, तोमोए! गाडीला चाळीसच मिनिटं उरलीत.”

“अहो, स्टेशन आठ मिनिटांवर आहे. काय रांगत जायचंय का?”

किंजी ओनोदेरा पाऊण तासापासून बूट चढवून दारात उभा होता. फुरुकावा स्टेशनच्या फलाटावर अडतीस वर्षं गाड्या सोडून तो मार्चमध्ये निवृत्त झाला होता. बुलेट ट्रेनने येणाऱ्या किती लोकांना त्याने नारुकोच्या छोट्या गाडीत बसवून दिलं, त्याची मोजदाद नाही. तिथल्या गरम झऱ्यांत डुंबून लोक गुलाबी होऊन परत यायचे. नारुको फुरुकावाहून जेमतेम पंचेचाळीस मिनिटांवर. हा गडी मात्र एकदाही गेला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दर ऑक्टोबरात, लग्नाच्या वाढदिवसाला जायचं ठरायचं आणि दर ऑक्टोबरात मोडायचं. कधी लाल पानं बघायला येणाऱ्यांची गर्दी, कधी वादळ, कधी कुणीतरी आजारी म्हणून याची ड्युटी. दोनदा तोमोए वैतागून शेजारणींबरोबर जाऊन आली. दोन्ही वेळा तिची गाडी यानेच सोडली, तीही कडक सलाम ठोकून.

निघण्यापूर्वी त्याने गॅसकडे बोट रोखलं. “गॅस बंद, ठीक!” मग नळाकडे. “नळ बंद, ठीक!” रेल्वेची सवय. डोळ्यांनी बघायचं, बोटाने दाखवायचं, तोंडाने म्हणायचं, तेव्हा कुठे ते खरं.

“शेजारची विचारत होती, तुमच्या घरात रोज कुणावर ओरडत असतात म्हणून,” तोमोए म्हणाली. मग कुलूप लावता लावता हळूच म्हणाली, “हे बघा, या वेळी तुम्ही माझ्या शेजारी बसून आला नाहीत ना, तर मी पुन्हा कधी विचारणार नाही. सांगून ठेवते.”

“मी? अगं, गाडी चुकलीच तर तुझ्यामुळे चुकेल. तिकिटं आण इकडे.”

“तिकिटं माझ्याच पर्समध्ये राहतील.”

फलाटावर कुमागाई ड्युटीवर उभी होती. गाड्या सोडायचं काम तिला किंजीनेच शिकवलं होतं.

“ओनोदेरासान, आज प्रवासी? सूर्य पश्चिमेला उगवला की काय!” ती हसली. “पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायचं हं. प्रवाशांसाठी नियम आहे.”

“नियम मला शिकवतेस?” किंजी म्हणाला, आणि निमूटपणे रेषेच्या मागे सरकला.

दोन डब्यांची गाडी आली. बुलेट ट्रेनच्या प्रवाशांसाठी ती इथे सहा मिनिटं थांबते. दोघं खिडकीशी बसली. किंजीला स्वस्थ बसवेना. पोचल्याबरोबर आधी पाण्यात उतरायचं, मग खोली बघायची. सहाला जेवण, जेवणानंतर पुन्हा पाण्यात. गंधकाचा वास अंगाला आठवडाभर येतो म्हणतात, तो येऊ दे. त्याने हे सगळं तिला दोनदा सांगितलं.

तोमोए त्याच्याकडे बघत होती. “बसलात खरे शेजारी,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

किंजी गडबडला. असल्या प्रसंगी काय बोलावं हे त्याला कधीच सुचत नसे. त्याने तिच्याकडे बोट रोखलं आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “तोमोए, ठीक!”

तोमोए हसता हसता ठसकली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की प्यायला काहीच घेतलेलं नाही.

“चहा आणतो.”

“राहू दे हो. उतरू नका.”

“अजून चार मिनिटं आहेत. आणि चहाचं मशीन अकरा पावलांवर आहे. मोजलेली.”

अकराच पावलं होती. नाणी टाकली तशा गरम चहाच्या दोन बाटल्या मशीनमधून खाली पडल्या. त्याने दोन्ही डाव्या हातात घेतल्या. उजवा हात कायम मोकळा.

तो वळला, तोच जिन्यावरून बुलेट ट्रेनची माणसं उतरायला लागली. पुढे एक आजी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात हातभर मोठी बॅग, आणि चक्क धावत.

“आजी, धावू नका! गाडी तुम्हाला टाकून जात नाही!” किंजीचा आवाज फलाटभर घुमला. “नारुको ना? या, या, सावकाश.” त्याने बॅग उचलून डब्यात ठेवली, आजींना कोपराला धरून वर चढवलं. मागून एक जोडपं आलं, त्यांना दुसऱ्या दाराकडे पिटाळलं. एक मुलगी फोटो काढत पिवळ्या रेषेवर उभी होती, तिला आत घातलं. पलीकडच्या टोकाला कुमागाई कुणाला तरी रस्ता सांगत होती. या टोकाला त्याने एकट्याने सगळं मार्गी लावलं. सात महिन्यांत असं बरं त्याला वाटलं नव्हतं.

घंटा वाजली. किंजीने घड्याळ पाहिलं. सेकंदाचाही फरक नव्हता.

त्याने पाय जुळवले. बोट उजवीकडे गेलं. “उजवीकडे ठीक!” डावीकडे गेलं. “डावीकडे ठीक!” दारं सुळकन मिटली. “दारं बंद, ठीक!”

गाडी हलली. किंजीचा हात कपाळाशी गेला. नियमाप्रमाणे त्याची नजर दारांवर होती, खिडक्यांतल्या चेहऱ्यांवर नव्हे. एका खिडकीची काच कुणीतरी आतून दोन्ही हातांनी बडवत होतं. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत त्याने सलाम उतरवला नाही. अडतीस वर्षांत इतकी देखणी गाडी त्याने सोडली नव्हती.

मग त्याच्या डाव्या हाताला चहाचा चटका बसला.