फेल्टनसरांची चौकशी

ऑड्रीनं दार उघडलं, तर पायरीवर एक अनोळखी बाई. हातात फडक्यात गुंडाळलेला, अजून गरम असलेला आल्याचा केक.

"मिसेस हेस्केथ ना? शाळा समितीवरच्या?"

"हो," ऑड्री दाराची कडी न सोडता म्हणाली. फेल्टनसरांचं प्रकरण झाल्यापासून तिच्या दारात कुणी केक घेऊन येत नसे.

समितीत मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ऑड्रीकडे होती. हिवाळ्यात शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईनं तिच्या कानावर घातलं, की संगीताचे फेल्टनसर मुलांना एकेकटं आपल्या गाडीतून घरी सोडतात. मुख्याध्यापक लोमॅक्स हसले होते. "अहो, देवमाणूस आहे तो! मी बोलतो त्याच्याशी. विषय संपला."

"संपला की नाही, ते तुम्ही-मी ठरवायचं नाही," ऑड्री म्हणाली होती. "कौन्सिलच्या बालसंरक्षण विभागाला आजच कळवा. नाहीतर मी कळवते."

लोमॅक्सनी तोंड वाकडं करून कळवलं. चौकशी झाली. शाळेतल्या एकाही मुलाला त्रास झाल्याचं निघालं नाही. तरी फेल्टनसर परत आले नाहीत, आणि गावानं त्याचं खापर ऑड्रीवर फोडलं. "काय बाई, आज कुणाची नोकरी खाणार?" खाटीक भर दुकानात विचारायचा. चौकशीतलं बाकी काही समितीला कुणी सांगत नसे. आपण एका भल्या माणसाला आयुष्यातून उठवलं की काय, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

आत येऊन बसताच बाईनं तिचे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार कसे फेडू? माझी टेसा आता शांत झोपते हो. परवा तर आंघोळ करताना गात होती!"

ऑड्रीचे डोळे भरून आले. म्हणजे एक लेकरू होतं तर.

"मला, तिच्या आईला, पत्ता नव्हता. कौन्सिलच्या बाई घरी आल्या, त्यांच्यापाशी पहिल्यांदा तोंड उघडलं पोरीनं. तुम्ही गप्प बसला असतात, तर..." बाईनं रुमाल काढला.

ऑड्रीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "कोणत्या वर्गात होती तुमची टेसा?"

"तुमच्या शाळेत नव्हतीच ती," बाई डोळे पुसत म्हणाली. "मी फेल्टनची बायको."