हनुवटीखालचं गजकर्ण

सुनेने आपल्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावला. काचपट्टीवर सासूबाईंच्या हनुवटीखालून खरवडून वाढवलेली बुरशी होती. जाड सालीचे, दोन्ही टोकांना निमुळते बीजाणू. हे गजकर्ण मांजराचंच.

म्हणजे सासूबाई जिंकल्या. हनुवटीखाली लाल चकंदळ उठल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, मांजर घराबाहेर काढा. महाराणी हे सुनेचं मांजर, माहेराहून तिच्यासोबतच आलेलं आणि तोऱ्यात तिच्याहून वरचढ. खिडकीत दुसऱ्या मांजराची सावली पडली तरी ती घर डोक्यावर घेई. सासूबाई तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. आपलं दूधसुद्धा गच्चीवर नेऊन पीत. तपासणीत मांजर दोषी ठरलं तर रविवारी त्याची रवानगी, असा निकाल नवऱ्याने टीव्हीवरची नजर न हलवता देऊन टाकला होता.

खोटं सांगावं, असं सुनेच्या मनात आलं. लॅबमध्ये तिला विचारणारं कोण होतं? पण तिने महाराणीचाही नमुना घेतला होता. नवाकोरा टूथब्रश तिच्या अंगभर फिरवला, बदल्यात दोन्ही हातांवर ओरखडे घेतले आणि ब्रश बुरशी वाढवायच्या दुसऱ्या बशीतल्या खाद्यावर टेकवला. ती बशी तिने आता उजेडात धरली. बशीत काहीच उगवलं नव्हतं. महाराणी अंतर्बाह्य स्वच्छ होती.

गजकर्ण मांजराचं, पण या मांजराचं नव्हे.

संध्याकाळी ती चपला न काढता थेट गच्चीवर गेली. सासूबाई पाण्याच्या टाकीमागे पाठमोऱ्या बसल्या होत्या. शेजारी दुधाची वाटी होती.

"आई, दुसरं मांजर कुठंय?"

सासूबाई वळल्या. मग त्यांच्या स्वेटरच्या गळ्यातून एक मरतुकडं पिल्लू वर आलं. एका कानावरचे केस झडलेले. त्याने आरामात त्यांच्या हनुवटीखाली डोकं खुपसलं.

सुनेला आधी हसू फुटलं आणि मग अस्सा राग आला.

"स्वतः मांजर कवटाळून बसलाय, आणि माझ्या महाराणीला हाकलायला निघालात?"

सासूबाईंनी पिल्लाच्या कानावर हळूच फुंकर घातली.

"मग काय करू? तुझी ती कजाग बया घरात असताना माझ्या लेकराला खाली कसं आणू?"