कडेपर्यंत

पहिला स्क्रू निघाला तसे वीरेंद्र परब खुर्चीतून अर्धवट उठले.

टेबलावर जुनी चादर अंथरून त्यांची मुलगी वैदेही त्यांचा लॅपटॉप खोलत होती. आधी तिनं बॅटरी सोडवली. मग एटीएमचं जुनं कार्ड फटीत घालून स्क्रीनभोवतीची पट्टी टकटक करत उचकटली. हे सगळं ती व्हिडिओ बघून शिकली होती. दुकानात कशाला द्यायचा, तासाभराचं तर काम आहे, असं तिचं कालपासून चाललं होतं. तिचा हात धरून तिला थांबवावं असं परबांना वाटत होतं. पण काय सांगून थांबवणार?

स्क्रीन खराब आहे हे त्यांचंच म्हणणं होतं. काळाचौकीतल्या निम्म्या मंडळांच्या स्मरणिकांची पानं परब घरी बसून लॅपटॉपवर लावत. गेल्या महिन्यात एका स्मरणिकेत उजव्या कडेच्या सगळ्या जाहिराती कापल्या गेल्या. अध्यक्षांचं आडनावसुद्धा अर्धंच छापलं. मंडळाचा सेक्रेटरी दारात येऊन नको नको ते बोलून गेला. तेव्हा परब म्हणाले, स्क्रीन जुनी आहे, अक्षरं फुटतात, कडेचं धड दिसत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. वैदेहीनं ते ऐकलं आणि बारीकातलं बारीक अक्षरही लख्ख दाखवणारी नवी स्क्रीन मागवली.

अंगण सरळच होतं. दिवाळीनंतर परळच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, काचबिंदू आहे. कडेचं दिसणं आधी जातं आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घाला आणि घरी सांगा. थेंब परब चोरून घालत होते. घरी सांगितलं नव्हतं. घरी म्हणजे एकटी वैदेही, तिची आई केव्हाच गेली होती. आणि वैदेहीला बंगळुरूला नोकरी लागली होती. उद्या निघायचं होतं. कळलं तर ती जाणार नाही, याबद्दल परबांना तिळमात्र शंका नव्हती. बाप आंधळा होतोय म्हणून पोरीनं या खोलीत अडकून पडावं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. तिची बॅग भरून दाराशी उभी होती. काल चेन लागेना, तेव्हा दोघांनी बॅगेवर बसून ती लावली होती आणि पोट दुखेपर्यंत दोघं हसली होती.

बघवेना म्हणून ते गॅलरीत गेले. तिथे शेजारच्या बेबीमावशींनी मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. परबांचा उजवा पाय नेमका मिरच्यांत पडला.

"डोळे खंय ठेवलंस रे?" मावशी करवादल्या.

परब हसले आणि कठड्याला धरून उभे राहिले. नवी स्क्रीन फुटावी, नाहीतर बसूच नये, असं त्यांच्या मनात आलं. लगेच स्वतःची लाज वाटली. पोरगी एवढी मन लावून करतेय आणि आपण हे असलं मागतोय. नाही, आता एकच. चेहऱ्यावर आनंद आणायचा आणि तिला वाटेला लावायचं.

"झालं पप्पा, या," आतून वैदेहीची हाक आली. आवाज जरा पडलेला होता. दमली असेल, असं परबांना वाटलं.

ते टेबलाशी येऊन बसले. लॅपटॉप सुरू होता. त्यांना मधलं पान दिसत होतं. भोवतालचं नेहमीसारखंच विरून गेलं होतं. वैदेही काही सांगणार एवढ्यात त्यांनीच घाईघाईनं सुरुवात केली. खोटं बोलावं, पण रेटून बोलावं.

"वा गं बाय. आता कसं लख्ख दिसतंय. अगदी कडेपर्यंत. जुनी म्हणजे नुसती माती होती. तू आता निर्धास्त जा."

वैदेहीनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"पप्पा, नवी बसलीच नाही," ती हळू म्हणाली. "केबलच्या पिना जुळेनात. मी जुनीच परत लावलीय."

परबांनी हसून बाजू सावरायला बघितलं.

"मग नवी कुठाय? दाखव बघू."

वैदेहीनं त्यांचा उजवा हात धरला आणि वीतभर बाजूला नेला. त्यांच्या कोपराशेजारी चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेली थंड काच बोटांना लागली.

मग दाराच्या बाजूनं बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.