तांबड्या बटा

पाथर्डीच्या पार्लरमधली मुलगी रुपालीच्या केसांची एकेक बट वेगळी काढून, रंग लावून फॉइलमध्ये गुंडाळत होती. गेल्या वर्षी रुपालीने डोक्यातली जट कापली, तेव्हा देवी कोपेल म्हणून अबोला धरलेली सासू बनुबाई शेजारी बसून टक लावून बघत होती.

“लांबून दिसंल असा तांबडा लाव,” रुपालीने मुलीला बजावलं.

“गाव काय म्हनंल?” बनुबाई पुटपुटली.

“म्हनू द्या, आत्याबाई. गावाला दिसावा म्हनूनच लावतेय.”

केस धुऊन झाल्यावर मुलीने कंगवा घातला. तो कुठंही न अडकता शेंड्यापर्यंत उतरला.

बनुबाईने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि स्वतःची जट पुढं ओढली.

“ही काप,” ती मुलीला म्हणाली. “देवीला काय सांगायचं ते मी बघते.”