जावयासमोरची डबी

बँकेनं पैशांच्या व्यवहारासाठी घरी दिलेली बोलकी डबी माणसाला त्याच्या नेहमीच्या बोलण्यावरून ओळखायची. हौसाक्कांनी दोन शिव्या हासडल्या की ती लगेच उघडायची. आज मात्र समोर जावई बसला होता, आणि जावयापुढं आवाज चढवायची घरात रीत नव्हती.

"उघड गं बाई," त्या मऊपणे म्हणाल्या.

"आवाज हौसाक्कांचा आहे, स्वभाव त्यांचा नाही," डबी म्हणाली. "दबावाची शंका आहे. व्यवहार बंद."

दिगंबर वैतागला. सासूनं आपल्या मिरची कांडपाच्या नव्या यंत्रासाठी साठवलेले पैसे त्याला आजच हवे होते.

"आत्या, नेहमीसारखं बोला की तिच्याशी. पैसे नसतील तर लेकीला इथंच ठेवून घ्या. बॅगेसकट आणलंय तिला."

हौसाक्कांनी पदर खोचला.

"ठेवते की, मुडद्या. तिला पोसायला माझं कांडप खंबीर आहे. मिशीला पीळ सासूच्या तुपाचा, आणि धमकी मलाच देतोस होय रे?"

डबीवर हिरवा दिवा लागला. "ओळख पटली. किती रक्कम पाठवायची?"

दिगंबर आशेनं पुढं सरकला.

"दमडीसुद्धा नाही," हौसाक्का डबीला म्हणाल्या आणि जावयाकडं वळल्या. "तू बॅग आत आणून ठेव, आणि चालू लाग."