मूर्तिकार का पळाला

हेमलताच्या भयकादंबरीतला मूर्तिकार मातीच्या माणसात प्राण ओततो आणि त्याने डोळे उघडताच पळून जातो. पुस्तक गाजलं, पण ज्यांनी वाचावं म्हणून लिहिलं, त्या वडिलांचा शब्द आला नाही. तिला जन्म देताना आई गेली, तेव्हा त्यांनी तिला सांगलीला मावशीकडे ठेवलं होतं. न्यायला ते कधी आलेच नाहीत. आता निदान चिडून तरी बोलतील, या आशेवर ती कितीतरी दिवस फोनभोवती घुटमळत राहिली.

एका सकाळी ते स्वतःच दारात उभे राहिले. हातात तिचं पुस्तक होतं.

"मूर्तिकार घाबरून पळाला, असं लिहिलंयस," ते म्हणाले. "तसं नव्हतं."

"मग कसं होतं?"

"डोळे तुझ्या आईचे होते. बघवेनात."

इतकी वर्षं हेमलता समजत होती, आपल्यातच काहीतरी भयंकर असणार.

"आता बघवतात?" तिने विचारलं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि तिच्याकडे बघत राहिले. बराच वेळ त्यांची नजर हलली नाही. शेवटी तिनेच मान फिरवली आणि म्हणाली, "आत या."